गायरानाचं कुंपण
तरवडाचा उग्र वास आला की लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाचा दुष्काळ आठवतो. गावच्या गायरानाला तारेचं कुंपण पडलं होतं. आमची शेळी आत शिरली, तिला धरायला मी गेले, तर रखवालदारानं दोघींनाही कोंडवाड्यात घातलं. मागच्या साली तो आमच्यासोबतच त्या गायरानात शेरडं चारायचा. मी रडत म्हटलं, “मामा, मी जनावर हाय का?” तो कुलूप लावत म्हणाला, “हुकूम हाय, पोरी.” आत हिरवं म्हणून फक्त तरवड होतं. त्याला तोंड न लावता आई सोडवायला येईपर्यंत शेळी माझा परकर चघळत राहिली. आता मी तहसील कचेरीत कारकून आहे. काल गायरानातली झोपडी हलवायची नोटीस घेऊन एक बाई रडत आली. मान वर न करता मी म्हणाले, “हुकूम हाय, बाई.”