फडकंकाका आणि तळातलं कडं

प्रयोगशाळेत त्यांना सगळे फडकंकाका म्हणत. खांद्यावर पांढरं फडकं, खिशात स्पिरिटची बाटली. भट्टी लावणं, वाट्या तापवणं, वजन करणं ही कामं तीस वर्षं त्यांच्याकडे होती. डागाशी मात्र जन्माचं वैर. घरी बायको म्हणायची, "जरा दमानं! पाहुणा जेवून उठायच्या आत त्याचं ताट घासाल तुम्ही."

सध्या ते एका तरुण संशोधिकेच्या हाताखाली होते. लेकीच्या वयाची पोर, पण कामाला वाघीण. तिनं बनवलेलं प्लास्टिक तापवलं की त्याची साखळी आपली आपण सुटत जायची आणि वाफ होऊन उडायची. सात वाट्या तापवून, वजनं करून झाली होती.

परीक्षकांसमोर बोलायच्या आदल्या दुपारी तिनं काकांपुढे तालीम केली. "...आणि मागे काहीच उरत नाही!"

काकांचा हात थांबला. "काहीच म्हणजे?"

"सातही वाट्या रिकाम्या वाटीच्या वजनावर आल्या. तुम्हीच केलंत ना वजन!"

"केलं. पण पुसून केलं."

"काय पुसून?"

"तळाला तांबूस, चिकट कडं असायचं. मला वाटलं, भट्टीची घाण."

तिनं वजनांची वही पुढे ओढली. "काका, अहो, तेच तर मोजायचं होतं!"

काका पार ओशाळले. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण उद्या ही पोर भर सभेत खोटं बोलली असती, तेही त्यांच्या जिवावर. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून तिच्यापुढे धरलं. "हे कुलपात घाला. भट्टी आत्ता लावतो."

संध्याकाळपर्यंत तीन वाट्या झाल्या. तिन्हींत कडं. शंभरात दोन भाग.

"प्लास्टिक गेलंय," ती वाटी उजेडात धरून म्हणाली, "साखळी सुटावी म्हणून मिसळलेलं औषध मागे राहिलंय."

"वाईट झालं?"

"खरं झालं. औषध बदलून बघता येईल."

दुसऱ्या दिवशी ती हसतच परतली. "परीक्षकांनी विचारलं, एवढंसं कडं कुणाच्या नजरेला पडलं?"

"मग?"

"म्हटलं, सात वेळा ज्यांनी पुसलं त्यांच्या!"

त्या संध्याकाळी जेवताना बायकोचं ताट रिकामं दिसत होतं. काकांनी हात पुढे केला, मागे घेतला आणि विचारलं, "झालं का गं तुझं?"

बायकोनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.