वारा पडेपर्यंत

सुमनताई गेल्या त्याला आता दीड महिना होईल. सकाळी त्यांच्या शेजारणीचा फोन आला, “वैशाली, दूधवाला कधीचा बेल वाजवतोय, ताई दार उघडत नाहीयेत…” दुसरी किल्ली माझ्याकडेच असायची. स्कूटर काढली तेव्हाच मला कळून चुकलं होतं. झोपेतच गेल्या. जन्मभर दुसऱ्यांची दुखणी काढणाऱ्या बाईला स्वतःचं मरण इतकं सोपं मिळालं, याचं त्या क्षणीही मला बरं वाटलं.

त्या माझ्या मोठ्या नणंद. लग्न केलं नाही. रत्नागिरीतच परिचारिका म्हणून नोकरी झाली. त्यांनी सुई टोचलेली कळतसुद्धा नाही, असं लोक सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि पावसाळ्यात सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या पठारावर, जायला लागल्या. एरवी उघडाबोडका दिसणारा आपला कातळ श्रावण-भाद्रपदात फुलांनी भरतो, ती फुलं टिपायची म्हणून. आमचं जाणं-येणं होतं, पण सणावारापुरतं. त्याला कारण होतं, ते पुढे सांगते.

तीन-चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. गौरीच्या दिवशी मी सहज विचारलं, यंदाचे फोटो कुठायत? त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. कॅमेरा आत ठेवून दिलेला. “सगळे हललेले येतात. माझा हात गेला गो.” त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, “मग ट्रायपॉड घेऊ या की.” मला त्यातलं काही कळत नव्हतं. टीव्हीवर ती कॅमेऱ्याची तिपाई पाहिलेली, तेवढंच.

पुढच्याच आठवड्यात एसटीनं आम्ही कोल्हापूरला गेलो. दुकानदारानं एक हलका, देखणा ट्रायपॉड पुढे केला. वर कॅमेरा बसवायचं, गोळ्यावर फिरणारं हेड. “मावशी, सगळे ह्योच नेत्यात. एक नॉब सैल केला की कॅमेरा पायजे तिकडं वळतोय.” ताईंनी नॉब सैल केला आणि कॅमेरा नाक खाली करून आपटायलाच आला, मी धरला. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. “हे माझ्या हाताला नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या, “मला एका वेळी एकच गोष्ट हलेल असं दाखवा.” मग त्यानं आतून तीन दांड्यांचं हेड आणलं. एक दांडा वर-खाली, दुसरा डावी-उजवीकडे, तिसरा तिरका करायला. एक सैल केला तरी बाकीचे दोन घट्टच. ताईंचा थरथरता हात त्या दांड्यावर नीट बसला.

पायांची निवड तर बघण्यासारखी झाली. दुकानदार पाय लांब करून उंची दाखवत होता आणि ताई म्हणाल्या, “फुलं माझ्याएवढी नाहीत हो, बोटाएवढी आहेत.” एवढं बोलून त्या पंजाबी ड्रेस सावरत सरळ जमिनीवर पालथ्या झोपल्या. गिऱ्हाइकं बघत राहिली. दोन ट्रायपॉडचा मधला दांडा जमिनीला टेकायचा, त्यामुळे ते खाली बसेचनात. तिसऱ्याला तो दांडाच नव्हता. त्याचे पाय बेडकासारखे फाकले आणि कॅमेरा वीतभर उंचीवर आला. “हा,” त्या खालूनच म्हणाल्या.

“जड हाय, मावशी. झेपंल का?”

“उचलायला ही आहे ना.”

माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच आपलं धरलं होतं.

मग प्रत्येक रविवारी मी तो ट्रायपॉड खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे सड्यावर. पाय मी रोवायची, दांड्यांना हात लावायचा नाही. एकदा मदत म्हणून लावला तर चापट बसली. बोटानं बटण दाबलं तरी कॅमेरा हलायचा, म्हणून त्यांनी टायमर लावायची सवय केली. बटण दाबून हात मागे घ्यायच्या, मग दोन सेकंदांनी फोटो निघायचा. पण ट्रायपॉडनं कॅमेरा थांबला, तरी फूल थोडंच थांबतं? सड्यावरचा वारा पडायची वाट बघत आम्ही अर्धा-अर्धा तास बसायचो.

अशाच एका बसण्यात, सीतेची आसवं म्हणतात त्या फुलांच्या निळ्या पट्ट्यापुढे, त्या एकदम म्हणाल्या, “तेव्हा मी तुला रडू नको म्हटलं होतं.”

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा वॉर्डात ड्यूटीवर ताईच होत्या. “रडू नकोस, बाकीच्या बायका घाबरतील,” असं मला म्हणाल्या होत्या. बावीस वर्षं मी ते वाक्य मनात धरून होते.

“चुकलं माझं. मी रडले असते ना, तर मला पुढच्या खाटेकडे जाता आलं नसतं… पण ते माझं झालं. तुला रडू द्यायला हवं होतं.”

मी तेव्हा रडले. वारा पडला, पुन्हा सुटला. त्यांचा हात माझ्या पाठीवर थरथरत होता. त्या दिवशी एकही फोटो निघाला नाही.

त्यानंतर दोन पावसाळे मिळाले आम्हाला. पुष्कळ झाले.

गेल्या रविवारी मी एकटीच सड्यावर गेले. कॅमेरा अजून मला नीट येत नाही, पण पाय फाकून खाली बसवला, एकेक दांडा आवळला आणि बसून राहिले. गुरं घेऊन आलेली एक म्हातारी जवळ थांबली.

“काय बगतेस गो बाय?”

“वारा पडायची वाट बघतेय, आजी.”

“हां,” म्हणत ती कातळावर टेकली. मग गुरांकडे बघतच म्हणाली, “माजा झील मुंबैला गेला तो दोन वर्सं आला नाय…” आणि लेकाचं सांगायला लागली. मी तिच्याकडे वळून बसले. समोरची फुलं केव्हाची स्थिर झाली होती. मी बटण दाबलं नाही.