गाऱ्हाण्यात आलेलं नाव

मालवणच्या मासळीबाजारात शर्मिलाला लोक ओळखत ते तिच्या नाकामुळे. बर्फातून काढलेला कालचा बांगडा आणि आज पहाटे रापणीच्या जाळ्यात लागलेला बांगडा शेजारी शेजारी ठेवला, तर ती डोळे मिटून वेगळे करायची. किनाऱ्यावर लिलाव चालू असताना बाकीच्या बायका माशांचे कल्ले उचलून बघत. शर्मिला नुसती टोपलीजवळून जायची आणि बोली लावायची की पुढं सरकायचं ते ठरवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तारकर्लीच्या बाजूला, समुद्रापासून माडांच्या दोन ओळी सोडून तिचं माहेर. चालायला लागली तेव्हापासून ती किनाऱ्यावर होती, आणि लग्न करून आली तीही त्याच किनाऱ्यावर, थोडी उत्तरेला.

तेच नाक यंदा दिवाळी सरता सरता तिचं वैरी झालं.

एका सकाळी तिनं टोपलीवरचं ओलं गोणपाट उचललं आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचा वास असा अंगावर आला, की ती टोपली तशीच टाकून बाजाराच्या मागच्या भिंतीकडे धावली. घरी उकड्या तांदळाची पेज शिजायला लागली की तिला पडवीत येऊन बसावं लागे. खोबरेल तेल सोसेना, अंगाचा साबण सोसेना. नवरा सुशांत पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला बोट काढतो. त्याच्या सदऱ्याचा डिझेलचा वास तर तो पायरीवर असतानाच आत यायचा. पाळी चुकलीच होती. तिनं चाचणी करून बघितली आणि ती पट्टी हातात घेऊन न्हाणीघरात बराच वेळ उभी राहिली. तिला आनंद झाला नाही असं नाही. पण आनंदाच्या आधी भीती आली.

कारण गेल्या वर्षीही दिवस गेले होते. तेव्हा सासू यशोदा घरात होती आणि तिनं त्याच आठवड्यात साऱ्या वाडीत साखर वाटली. मग ते पोटात राहिलं नाही. सुशांतनं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, दोघं रिकामे परत आले, आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. जिला जिला साखर पोचली होती, ती ती समाचाराला आली. काहींना उशिरा कळलं, काहींना कळलंच नाही. शिमग्यापर्यंत भर बाजारात कुणीतरी हसत विचारायचं, "कितवो म्हयनो गो?" आणि हातातला मासा तसाच धरून शर्मिलाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. आपलं दुःख आपण विकायला मांडलंय, असं तिला वाटायचं.

म्हणून यंदा तिनं सुशांतला समोर बसवलं. सासू मोठ्या मुलाकडे कळव्याला गेलेली होती, घरात दोघंच.

"ह्या येळेक कोणाक सांगूचा नाय," ती म्हणाली. "तीन म्हयने होयपर्यंत. आयेकव नाय."

"नाय सांगूचंय."

"तुमी बोटीर गजालीक बसतात. थंय तोंडातसून जाता."

"माझ्या तोंडातसून ब्र भायर पडाचो नाय," सुशांत म्हणाला. "बोटीची शपथ."

दर्यावर पोट असलेला माणूस बोटीची शपथ सहज घेत नाही. तिनं विश्वास ठेवला, आणि पहिले काही दिवस तो विश्वासाला जागलासुद्धा. बोटीवरून आला की तो सदरा विहिरीवर काढून ठेवायचा, अंग धुऊनच पायरी चढायचा. पेज मागच्या चुलीवर नेऊन स्वतः शिजवायचा. ती ओकून आली की तांब्या पुढं करायचा. शर्मिलाला वाटलं, या माणसाच्या जोरावर आपण तीन महिने काढू.

तिनं ओकारीशी वागायची रीत हळूहळू बसवली. अंथरुणातून उठायच्या आधी बेकरीतलं कोरडं बटर चावायचं. पाणी गटागटा प्यायचं नाही. मुठीत लिंबाचं पान ठेवायचं आणि चुरगळत राहायचं. आणि बाजारात बसलं की गालात मिठाचं आमसूल. त्या आंबटखारट चवीनं घसा बांधून ठेवल्यासारखा व्हायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरता दम मिळायचा.

"काय गो, गाल कित्याक फुगलो?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"दाढ दुखता."

"मगे डाक्टराकडे जा. आमसुलान दाढ बरी होता काय?"

शेजारी बसणारी म्हातारी हौसाबाई हे ऐकत होती. तिनं आयुष्यभर मासे विकले, चार बाळंतपणं सोसली. तिला कळायला वेळ लागला नसणार. दुसऱ्या दिवशी तिनं आपली टोपली उचलली आणि दाराजवळची, वाऱ्याची जागा मोकळी केली.

"तू हयसर बस. वारो बरो लागता."

"आणि तुमी आत बसतालात? थंय घाण मारता."

"माझां नाक खंय ऱ्हवलां हा आता. तपकिरीन खाल्लां ता."

एवढंच. त्यावर कधी खूण नाही, डोळा मिचकावणं नाही. शर्मिला दाराजवळ बसू लागली आणि दिवस पुढं सरकू लागले.

मार्गशीर्षात गावच्या रवळनाथाची जत्रा आली. जत्रेला गेलं नाही तर लोक विचारतील, म्हणून शर्मिला गेली. गालात आमसूल होतं. देवळात, बायकांत, खांबाला टेकून बसली. धुपाचा धूर, फुलांचा वास, भज्यांच्या कढईचा वास, सगळं एकदम येत होतं. ती ओठ मिटून जमिनीकडे बघत होती. पुढं गाऱ्हाणी चालू होती. आपल्याकडे देवाला मनातल्या मनात सांगून भागत नाही. मानकऱ्यानं सगळ्यांसमोर, मोठ्यानं, नाव घेऊन गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्या गावानं त्याला होकार भरायचा, तेव्हा ते देवाला पोचतं. मानकरी परशुरामतात्यांचा आवाज म्हणजे खणखणीत, पार भज्यांच्या दुकानापर्यंत जाणारा. कुणाची नोकरी, कुणाची गाय, कुणाची बांधावरची भांडणं, असं एकेक येत होतं.

मग तात्यांनी पुढचा नारळ हातात घेतला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला.

"आज ह्यां तुझां लेकरू सुशांत तुझ्या पायाकडे इलां हा."

"होय म्हाराजा."

शर्मिलानं मान वर केली. सुशांत पुढं उभा होता, धुतलेला सदरा घालून, हात जोडून, डोळे मिटून.

"ह्येची बायल शर्मिला, तिका दिवस गेले हत. गेल्या वर्सा जा घडला, ता तू बघितलंस. ता परत घडाक देव नको."

"होय म्हाराजा."

"ओकारेन ती बेजार झाली हा. पोटात पाणी ऱ्हवणा नाय. तिका सांभाळ, पोटातल्याक सांभाळ, आणि काय चुकलामाकला आसात ता पदरात घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

सगळा गाव म्हणाला. पुरुष म्हणाले, पोरं म्हणाली, शर्मिलाच्या आजूबाजूच्या बायका तिच्याकडे वळून बघत म्हणाल्या. आणि त्या सगळ्या आवाजांत एक आवाज तिनं वेगळा ओळखला. सुशांतही म्हणत होता. इतरांपेक्षा मोठ्यानं, अगदी मनापासून.

गालातलं आमसूल तिनं गिळून टाकलं आणि ती देवळाबाहेर गेली. तुळशीमागे ओकली. तिची पाठ चोळायला एकाच वेळी पाच हात आले.

घरी येऊन दार लावल्यावर ती म्हणाली, "शपथ घेतलात ना."

"मी माणसांक खंय सांगलंय? देवाक सांगलंय."

"देवळात देव एकटोच होतो?"

"गाऱ्हाणां मनात घालूचा नसता गो. ता तुकाव म्हायती आसा."

"तुमकाव म्हायती होतां. तरी घातलात." ती खाली बसली. "माका एकदा इचारलात काय?"

"इचारलंय असतंय तर तू नको म्हटलं असतंस."

"म्हणान इचारूक नाय."

तो हळू आवाजात म्हणाला, "माका भ्या वाटला. घोटभर पाणी पितस ताव ऱ्हवणा नाय. गेल्या वर्सा मी तुका त्या रिक्षात घातलंय, ता माझ्या डोळ्यांमोरसून जाणा नाय."

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. तेच तिला जास्त लागलं. लबाड माणसावर रागावून मोकळं होता येतं.

"भ्या माकाव वाटता," ती म्हणाली. "मी खंयच्या देवळात जावन तुमचां नाव घेतलंय?"

त्याच संध्याकाळी कळव्याहून सासूचा फोन आला. "माका गावातल्या माणसांकडसून कळूचा, इतकी मी परकी झालंय काय गो?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून पायरीवर चपला साठू लागल्या. कुणी तळलेली बोंडं घेऊन आलं, कुणी तुपातले लाडू. डबा उघडला की वास, वास आला की ओकारी. तिनं जपून बसवलेली रीत तीन दिवसांत मोडून गेली. बायका तिच्यासमोर बसून तिच्याबद्दल बोलत, मुलगा की मुलगी ते ठरवत.

"इतकी ओकारी म्हणजे झील."

"काय सांगतस. माझ्या चेडवाच्या येळेक मी चूल बघूक नाय होतंय."

"गेल्या वर्सा ओकारी नाय होती हिका. म्हणान ता ऱ्हवला नाय."

हे शेवटचं वाक्य बोलणारी बाई वाईट नव्हती. सहज बोलली आणि लाडवाचा डबा पुढं केला. शर्मिला भिंतीकडे तोंड करून निजली. त्यानंतर पाणीही राहीना. जीभ कोरडी पडली, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येई.

ती बाजारात दिसेना म्हणून हौसाबाई घरी आली. हातात काही नव्हतं. तिनं शर्मिलाचे ओठ बघितले, हाताची कातडी चिमटीत धरून बघितली.

"ऊठ. डाक्टराकडे जावया."

"मालवणात नको, मावशे. थंय अर्धो गाव भेटतलो."

"मगे ओरोसाक जावया. थंय कोण वळाखता आमका."

सुशांत बोटीवर निघाला होता. तो म्हणाला, मी पण येतो. शर्मिलानं नको अशी मान हलवली. हौसाबाई त्याला म्हणाली, "तू दर्यार जा. बायलमाणसांचा काम आसा." तो पायरीवर उभा राहिला आणि दोघी एसटीला गेल्या. खिडकीशी बसून शर्मिला लिंबाचं पान चुरगळत राहिली.

ओरोसच्या दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती, पण नीट बोलली. "उपाशी राहू नका, रिकाम्या पोटी मळमळ वाढते. चमचा चमचा घ्या, पण घेत राहा. या गोळ्या घ्या, त्यानं आराम पडेल. लघवी कमी झाली किंवा पाणीही टिकेना झालं, तर वाट बघत बसू नका, लगेच या." मग शर्मिलानं विचारलं, जे तिला कुणालाच विचारता येत नव्हतं. "गेल्या वेळी उलट्या झाल्या नव्हत्या. म्हणून ते राहिलं नाही का?"

"नाही हो. उलट्या झाल्या नाहीत म्हणून पडलं, असं काही नसतं. तुमची काही चूक नव्हती. चला, आत बघून घेऊ."

आतल्या खोलीत पोटावर थंड काहीतरी लावलं. पडद्यावर राखाडी धुकं होतं, त्यात काहीतरी फडफडत होतं. डॉक्टरीणबाईंनी एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला. धुक्यात लांबून येणाऱ्या होडीच्या इंजिनासारखा, भरभर, न थांबता. शर्मिलाच्या कानशिलावरून पाणी ओघळत उशीत गेलं.

"ठोके छान आहेत. बाहेर तुमच्या कोण आहेत? त्यांना बोलवू का ऐकायला?"

"नको," शर्मिला म्हणाली. "मी ऐकलं."

बाहेर आल्यावर हौसाबाईनं तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं, चहाची टपरी टाळून तिला लांबच्या बाजूनं नेलं, आणि एसटीत खिडकी दिली.

मालवणच्या स्टँडवर सुशांत स्कूटर घेऊन उभा होता. बोट लवकर लावून आला असावा. केस ओले होते, सदरा बदललेला होता. हौसाबाई बाजाराच्या वाटेनं निघून गेली.

"काय सांगल्यानी?"

"सलाइन लावल्यानी. गोळ्यो दिल्यानी."

"आणि आतला?"

शर्मिलानं त्याच्याकडे बघितलं. दिवसभरात तो जेवला नव्हता, तेही दिसत होतं. एका शब्दानं त्याच्या चेहऱ्यावर रंग आला असता. तो शब्द तिच्याकडे होता, ओरोसपासून तिनं तो तोंडात धरून आणला होता. आणि तो शब्द त्याच्या हातात पडला की कुठं जाईल, हे तिला दिसत होतं: कळव्याच्या फोनवर, बोटीवर, तात्यांच्या पुढच्या नारळावर.

"ता मागसून कळतला," ती म्हणाली.

"म्हणजे वायट नाय ना काय?"

"मागसून कळतला म्हटलंय ना."

त्यानं मान खाली घातली, स्कूटर चालू केली. ती मागं बसली. नेहमी ती त्याच्या खांद्यावर हात ठेवत असे. आज तिनं गाडीची मागची कडी धरली. रस्त्याच्या वळणावर त्यानं एकदा मान वळवून विचारलं, "बसलंस ना नीट?" ती होय म्हणाली. मग घर येईपर्यंत ती आतल्या आत तो आवाज परत परत ऐकत राहिली, एकटीच.