सुमतीताईंचा तार षड्ज

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही माहीत नाही. आत्ता लिहितानासुद्धा दाराकडे लक्ष आहे. ती आत आली तर हा कागद मी वहीखाली सरकवीन, इतका अजून घाबरतो.

बडोद्यात आमच्या मराठी मंडळाचं एक मासिक निघायचं. त्यात माझं सदर असायचं, माझ्या संग्रहातल्या एकेका रेकॉर्डवर, कॅसेटवर. दिवसभर नंदेसरीच्या कारखान्यात कॉम्प्रेसरपाशी नोकरी, संध्याकाळी कारेलीबागेतल्या घरी गाणं. लोक म्हणत, यांचा कान तयार आहे. ते फार गोड लागायचं. माझ्याजवळ मिरवायला दुसरं होतं तरी काय?

निजामपुऱ्याच्या सुमतीताई शाळेत शिकवायच्या आणि गायच्या. त्यांनी हौसेनं एक कॅसेट काढली, पहिली प्रत मला दिली. मी ऐकली. खालचं, मधलं सुंदर. पण वर गेल्या की आवाज विरून जायचा. मी लिहिलं, ‘तार षड्जाला आवाज पोचत नाही. बाईंनी हा हट्ट सोडावा.’ हट्ट — हा शब्द सुचला तेव्हा मी खूश झालो होतो.

इथवर ती चूक होती. मला सांगायचंय ते याच्या पुढचं.

दोनेक महिन्यांनी बायकोनं विचारलं, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही का तुम्हाला? मी तिला न सांगता, गावाच्या दुसऱ्या टोकाला, कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर रेघ काढली. अर्ध्यापर्यंत ठीक, मग एकदम खाली कोसळलेली. उंच आवाज गेलेत, म्हणाले, यंत्रांच्या गोंगाटानं. घरी येऊन लहानपणापासून पाठ असलेली एक रेकॉर्ड लावली. नीट ऐकलं. तिच्यातही वरचे सूर नव्हते. म्हणजे कित्येक दिवस मी आठवणीच ऐकत होतो?

डॉक्टरांचा कागद फाडला. कारखान्यात कळलं तर? गॅस गळतीचा इशारा ज्याला ऐकू येईल की नाही याची खात्री नाही, त्याला यंत्रापाशी कोण ठेवील? आणि मंडळात कळलं तर — मग मी कोण?

त्याच रविवारी सुमतीताई घरी आल्या. भांडायला आल्या असं मला वाटलं. पण त्या शांत होत्या.

“भाऊ, रागावले नाही हो मी. नेमकं कुठे घसरतं तेवढं दाखवा. मेहनत करीन.”

त्यांनीच कॅसेट लावली. मी डोळे मिटले. एका वाक्याचं काम होतं — ताई, मला ऐकू येत नाही. तान वर चढली, माझ्यापुरती नाहीशी झाली, आणि मी बोट उचललं. “इथे.”

त्यांनी मागे घेऊन पुन्हा लावलं. “इथेच?”

“इथेच.”

त्यांनी टेप बंद केला. मग हळूच म्हणाल्या, “मला तर बरोबर वाटतंय. म्हणजे माझा कानच कच्चा.”

मी गप्प बसलो. चहा येईपर्यंत, चहा संपेपर्यंत, त्या जिना उतरेपर्यंत.

त्यानंतर त्या गायल्या नाहीत. शाळेत प्रार्थना बसवणंही त्यांनी दुसऱ्या बाईंकडे दिलं. मी मात्र सदर आणखी चार वर्षं चालवलं, रेकॉर्डच्या पाकिटावरचा मजकूर वाचून, जुन्या आठवणींवर. अंक आला की आठवडाभर भीती, कुणी ओळखलं तर नाही ना?

निवृत्तीनंतर कानात यंत्र बसवलं. लोकांना म्हटलं, वय झालं. घरात कुणी नसताना ती कॅसेट लावली. बोट उचललं होतं त्या जागेपर्यंत आलो. सूर होता तिथे. स्वच्छ, जराही न हलणारा.

तेव्हा तरी निजामपुऱ्याला गेलो का? नाही.

गेल्या पाडव्याला मंडळात कुणीतरी म्हणालं, सुमतीताई, एखादं गाणं होऊ द्या. केस पांढरे झालेत त्यांचे. त्या हसल्या. “ना रे बाबा, मला वरचं लागत नाही. भाऊंना विचारा, त्यांनीच दाखवून दिलं होतं.”

सगळे माझ्याकडे वळले. मला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

मी मान डोलावली.