काचवाल्या चाचांचा किनारा

काचवाल्या चाचांशी जुनी ओळख नाही असा वाळूचा एक कण दुबईशेजारच्या अजमानच्या किनाऱ्यावर दाखवा, मी तुम्हाला करक चहा पाजतो. चाचा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे, उंच इमारतींना काचेच्या खिडक्या बसवण्यात त्यांची हयात गेली. आठवडाभर खिडक्या बसवायच्या आणि सुट्टीला त्याच इमारतींच्या नावाने बोटं मोडायची, हा त्यांचा शिरस्ता. "समुद्र तुम्हीच तर झाकलात," असं मी एकदा डिवचलं, तर म्हणाले, "मी काच लावली म्हणून निदान दिसतो तरी. भिंतवाल्याला जाऊन विचार!" इथला शेरी मासा ते गावच्या कोकमाच्या आगळात बुडवून कोळशावर भाजतात, आणि तव्यावरची पातळ अरबी रगाग अंडं घालून खाताना ठरलेलं वाक्य टाकतात, "हबीबी, घावनाला पासपोर्ट मिळाला की असं होतं."

रस्ता सांगताना मात्र ते आज नसलेल्या खुणा सांगतात. "होडीवाल्यांच्या शेडपासून डावीकडे, बोरीचं झाड ओलांडलं की वाळूच." शेड नव्हती, बोर नव्हती, पण मी पुण्याचा, दुसऱ्यांदा विचारीन कशाला? मसाला लावलेल्या बांगड्यांचा डबा घेऊन सहकुटुंब थेट एका चकाचक हॉटेलच्या लॉबीत शिरलो. दरवानाने अदबीने डबा पितळी ट्रॉलीवर ठेवला आणि विचारलं, "कौनसा रूम, सर?" चुकलो म्हणायची लाज वाटून मी "बताता हूँ" म्हटलं आणि सोफ्यावर बसून राहिलो. हळूहळू लॉबीभर लसणाचा वास पसरला. लेक पुटपुटली, "बाबा, प्लीज. कॅन वुई जस्ट गो?"

यंदा चाची पहिल्यांदाच व्हिजिटवर आल्या आणि चाचांची झोप उडाली. लग्नानंतरची सगळी वर्षं चाची गावी, सासूसासऱ्यांचं आणि मुलांचं करत राहिल्या. चाचा फोनवर त्यांना एकच किनारा सांगत आले होते: त्यांच्या पहिल्या खोलीसमोरचा, मऊ वाळूचा, ओढून ठेवलेल्या होड्यांचा, संध्याकाळी आपल्याखेरीज कुणी नसलेला. तो किनारा कधीच इमारतींखाली गेला होता. फोनवर तेवढा शाबूत होता, आणि तो गेला हे बायकोला सांगायची चाचांची छाती झाली नव्हती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी काढ. तसाच दुसरा कुठला तरी दाखवू. तिला काय कळणार?"

आम्ही दुपारभर फिरलो. एका ठिकाणी पत्र्याचं कुंपण, दुसरीकडे क्रेन, तिसरीकडे भाड्याच्या खुर्च्या. चाचा प्रत्येक वेळी "हा नव्हे, पुढचा" म्हणत घाम पुसत होते. शेवटी मागच्या सीटवरून चाची म्हणाल्या, "तुमच्या पहिल्या खोलीसमोरचाच दाखवा की." चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "यल्ला, चल."

तिथे फरशी होती, दिव्यांचे खांब होते आणि मान मोडेल एवढी उंच इमारत. चाचा तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. "अगो, इथेच होता. खलास झाला. मी सांगितलं नाही तुला."

"मला ठाऊक होतं," चाची म्हणाल्या. "आपल्या धाकटीने मोबाईलवर दाखवलेलं, केव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगायचात ते ऐकायला बरं वाटायचं."

चाची पदर सावरत वरपर्यंत नजर टाकत राहिल्या. "यात तुमच्या खिडक्या कुठल्या? ते कधी सांगितलं नाहीत."

"त्यात काय सांगायचं?"

"एवढी वर्षं ज्यापायी लांब राहिलात, ते मला बघू तरी द्या."

चाचा हळूच वळले. इतकी वर्षं शिव्या घातलेल्या त्या इमारतीकडे त्यांनी बोट केलं आणि खालून सुरुवात केली: ही माझी, ती माझी, ती बसवताना वारा असा सुटलेला की दोरच हातातून जायचा. मी चहा आणायला निघालो. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं, दुकानात गर्दी होती, बराच वेळ गेला. तीन करक घेऊन परतलो तेव्हा आकाश तांबूस झालं होतं, चाचींनी डोळ्यांवर आडवा हात धरला होता, आणि चाचा अजून सातव्या मजल्यावर होते.