जेवण व्यवस्थित

"ताई, कुंदाताई गेली वो..." तिच्या धाकट्या भावाचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी माझ्या वॉर्डात ड्यूटीवर होते. नुसतं 'बरं' म्हणाले आणि सलाईन बदलायला गेले. दीड महिना होऊन गेला. लोक म्हणतात, मनाला लावून घेऊ नको. कायले नको लावून घेऊ?

माझी मैत्रीण कुंदा यवतमाळला आमच्याच दवाखान्यात आहारतज्ज्ञ होती. पेशंट भरती झाला की त्याच दिवशी तो किती खंगलाय ते तपासायचं, हा तिचा हट्ट. वजन करा, ते इतक्यात घटलं का विचारा, घास जातो का विचारा. तेवढ्यासाठी एक वेगळा कागद. आम्ही नर्सा वैतागायचो. आधीच भरतीची रांग, त्यात हिचा वजनकाटा! "आली काटेवाली," मी तोंडावर म्हणायचे. ती हसायची नाही. "तू नातेवाइकाले विचारतं. आमच्या घरची बाई उपाशी राह्यते, असं कोणी सांगन काय वं? पेशंटले विचार, काट्यावर उभी कर." मी मान हलवायचे आणि कोणालाच न विचारता 'जेवण व्यवस्थित' लिहून मोकळी व्हायचे. खोटं कशाला बोलू, वर्षानुवर्षं लिहिलं.

मग तिचंच आतड्याचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्या दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले. भरतीच्या टेबलावर एक तरुण नर्स तसाच कागद घेऊन बसलेली. मान वर न करता तिनं विचारलं, "जेवण कसं आहे?" कुंदा पोट धरून वाकली होती. मी फटकन म्हणाले, "व्यवस्थित." वर ऐटीत सांगितलं, "मीही नर्सच आहे." आग लागो त्या ऐटीला! दोन महिने कुंदाचा डबा अर्धाअधिक परत जात होता, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

कुंदानं माझं मनगट धरलं. "काय वं... माह्यासाठीबी तेच?"

"गप. आधी आत तर घेऊ दे," मी म्हणाले.

ऑपरेशन झालं, पण जखम भरेना. आपल्याला अन्न जात नव्हतं, हे तिनं तिथल्या लोकांना दोनदा सांगितलं म्हणे. कागदावर तर व्यवस्थित लिहिलंय, असं उत्तर मिळालं. नवव्या दिवशी पहिल्यांदा वजन करायला नेलं, तेव्हा दोघींनी धरल्याशिवाय तिला उभं राहवत नव्हतं. आधी कळलं असतं तर ऑपरेशनच्या आधीपासून ताकद भरून काढता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. मी तिथेच उभी होते.

ती गेल्यावर तेराव्याला भावानं तिची फाईल माझ्या हातात दिली. "आमाले काय समजते यातलं? तुमी पाहा ताई, कोनाचं चुकलं काय." पहिल्याच पानावर होतं. वजन: घेतले नाही. आहार: व्यवस्थित. माहिती देणार: मैत्रीण, नर्स.

त्यानंतर त्याचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा मी म्हणाले, "वाचून राह्यली, भाऊ." वाचायचं पान एकच आहे. भाऊ, ते उत्तर मी दिलं होतं.