मामाची चार मिनिटं

स्टुडिओत सगळे तिला ताई म्हणत. बारा वर्षं ती व्हिडिओ एडिट करत होती. फाइल कुणाकडे जाणार, त्यांचं मशीन किती जुनं, हे विचारल्याशिवाय एक्स्पोर्टचं बटण दाबत नसे. मालकाला ते नसते चोचले वाटत.

या वेळची फाइल तिच्या मामाची होती. रंगाच्या कारखान्यात वीस वर्षं काढून त्याचा आवाज गेला होता. कारखान्याच्या चौकशी समितीसाठी त्याने कॅमेऱ्यासमोर पाटीवर लिहून चार मिनिटांची साक्ष दिली. ताईने ती एमपीफोरमध्ये, एच २६४ या जुन्या कोडेकने, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीने काढली, कारण समितीचा जुना कॉम्प्युटर तेवढंच वाचू शकत होता. मालकाने मात्र तिच्या माघारी ती नव्या कोडेकमध्ये पुन्हा काढली. निम्म्या जागेत बसते म्हणे. आणि तीच समितीला पाठवून मोकळा झाला.

सुनावणीत पडदा काळाच राहिला. चित्र नाही, नुसता मामाचा घरघरता श्वास. कारखान्याचा वकील गालातल्या गालात हसला. अध्यक्षांनी पुढचा साक्षीदार बोलावला. मामाने मान खाली घातली, तशी ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेर येऊन तिने मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, नावापुढचं एमपीफोर काढून दुसरं काहीतरी टाक. चालेल."

"नाव बदलून आतलं बदलत नाही. एमपीफोर हा नुसता डबा आहे. आत तुम्ही जे कोंबलंय ते इथल्या मशीनला उलगडत नाही. मी यांना विचारून फाइल काढली होती. तुम्ही कुणाला विचारलंत?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही. तिची फाइल पेनड्राइव्हवर होती. समितीचा कारकून म्हणाला, दाखल झालेली फाइल बदलता येत नाही. तिने दोन्ही फाइली त्याच्यापुढे ठेवल्या, साक्ष तीच आहे हे पटावं म्हणून दोन्हींतला आवाज सेकंदागणिक जुळवायला लावला आणि अध्यक्ष जेवून येईपर्यंत दारातून हलली नाही. वकिलाने हरकत घेतली. अध्यक्षांनी ती फेटाळली.

पडद्यावर मामाची पाटी आली: मास्क मागितला, तर फाटक दाखवलं. आता कुणी हसलं नाही. साक्ष नोंदली गेली.

ताईचा राग उतरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिने मालकाला सांगितलं की तिच्या हातून निघालेल्या फाइलला कुणी हात लावायचा नाही. एवढं काय आभाळ कोसळलं, असं तो पुटपुटला.

तिने पर्स उचलली, स्टुडिओची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली आणि जिना उतरली.